बांधावरचे विष, रक्तवाहिनीचे अस्तर : प्रस्तावना

रक्तवाहिन्यांच्या आजारांवरची पुस्तके सहसा हृदयविकाराच्या झटक्यापासून सुरू होतात. हा संग्रह उसाच्या सरीपासून सुरू होतो, आणि त्याला कारण आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रक्तवाहिनीला झालेली इजा उघड्या डोळ्यांना दिसते ती बऱ्याचदा रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाच्या घोट्यावर. घोणस चावते. पाय सुजत जातो, हिरड्यांतून रक्त झिरपू लागते, लघवीचा रंग बदलतो, सुई टोचलेल्या जागेचे रक्त थांबता थांबत नाही. शहरातल्या धमनीत जे बिघडायला वीस-तीस वर्षे लागतात, ते इथे काही तासांत बिघडते.

कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी या दोन तालुक्यांचा पूर्वेकडचा पट्टा हिरवा केला. ऊस आला, कांदा आला, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लागू लागले. पाणी, चारा आणि धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. त्यात शेतीपंपांना वीज कित्येकदा रात्रीच मिळते, म्हणजे साप ज्या वेळी बाहेर पडतो नेमक्या त्याच वेळी शेतकरी बांधावर असतो. पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरच्या अंगाला भातखाचरे आणि हिरड्याचे जंगल. तिथे माणूस अनवाणी चिखलात उभा असतो आणि रुग्णालय दूर असते. सर्पदंशाला आपण दैव म्हणतो, पण त्याच्यामागे पाण्याचे, पिकाचे आणि विजेच्या वेळापत्रकाचे साधे हिशेब आहेत.

सापाचे विष हा विषय आपण विषशास्त्राच्या कप्प्यात ठेवतो आणि धमन्यांचे संशोधन हृदयरोगाच्या. या दोन कप्प्यांमधली भिंत खोटी आहे, असे या संग्रहाचे म्हणणे आहे आणि ते मला पूर्ण पटते. गेल्या शंभर वर्षांत रक्त कसे गोठते, धमनी कशी आकुंचन पावते, तिचे अस्तर काय काम करते हे आपल्याला जे कळले, त्यातला मोठा वाटा विषांच्या अभ्यासातून आला आहे. त्यांतली काही विषे आपल्याच माळरानांवरच्या जिवांची आहेत. त्या ज्ञानातून झालेली औषधे पुण्या-मुंबईच्या हृदयरोग कक्षांत रोज वापरली जातात. ज्या माणसाला तो साप चावतो, त्याच्यापर्यंत मात्र या ज्ञानाचा फार थोडा भाग पोचला आहे.

विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने आधी एक साधी चाचणी समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यात सामावलेले आहे. सर्पदंशाचा रुग्ण आला की नवी, कोरडी, स्वच्छ काचेची परीक्षानळी घेतात. तिच्यात त्याच्या नसेतले दोन मिलिलिटर रक्त घालून ती वीस मिनिटे उभी ठेवतात. हलवायची नाही, हाताळायची नाही. वीस मिनिटांनी नळी एकदाच तिरकी करायची. निरोगी रक्ताची गुठळी जागची हलत नाही. घोणस किंवा फुरसे चावलेल्याचे रक्त पाण्यासारखे नळीच्या कडेला धावते. नळी काचेचीच हवी, कारण रक्त गोठण्याच्या साखळीला काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श चालना देतो. प्लॅस्टिकची नळी वापरली, किंवा साबणाने धुतलेली जुनी नळी वापरली, तर चांगले रक्तही पातळ राहू शकते आणि डॉक्टर फसतो. महागड्या यंत्राशिवाय, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर होणारी ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे. लस द्यायची की नाही आणि आणखी द्यायची की पुरे, हे बऱ्याच अंशी तीच ठरवते.

त्या नळीतले रक्त पातळ का राहिले, याचे उत्तर शोधण्यात फार मोठा काळ गेला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमान असे गट केले आहेत आणि मंडली सापांच्या विषाचा संबंध पित्ताशी जोडला आहे. अंगावर मंडले असलेल्या सापाचे विष नागाच्या विषाहून वेगळे वागते, हे निरीक्षण त्या काळातले आहे आणि ते खरे आहे. युरोपात फेलिचे फोंताना याने १७८१ मध्ये व्हायपरच्या विषावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पॅट्रिक रसेलचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा ग्रंथ १७९६ चा. घोणशीला इंग्रजीत आजही त्याच्याच नावाने ओळखतात. जोसेफ फेअररने १८७२ मध्ये भारतातल्या विषारी सापांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय वैद्यकीय सेवेतल्या कॅप्टन जॉर्ज लँब यांनी घोणशीचे विष रक्त गोठवते हे प्रयोगांनी दाखवले, आणि इथे एक कोडे उभे राहिले. विष रक्त गोठवते, तर मग रुग्णाला रक्तस्राव का होतो?

कोड्याचे उत्तर असे. घोणशीच्या विषात दोन अतिशय नेमके विकर आहेत. एक रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दहाव्याला जागे करते, दुसरे पाचव्याला. हे दोघे जागे झाले की गोठण्याची सगळी साखळी एकदम सुरू होते, सर्व शरीरात, कारण नसताना. फायब्रिनोजेन सूक्ष्म गुठळ्यांत खर्ची पडते. काही वेळाने रक्तात गोठायला काही उरतच नाही. जे रक्त पातळ दिसते ते गोठून संपलेले रक्त आहे. लंडनमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ मध्ये याच विषाचा अतिसौम्य द्रव हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला जखमेवर लावून पाहिला. आजही गोठण्याच्या काही विशिष्ट विकारांचे निदान घोणशीच्या विषाचा सौम्य द्रव वापरून होते. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीची तपासणी होते तेव्हा तिच्या अहवालात या चाचणीचे नाव असू शकते. अहवाल वाचणाऱ्याला ते विष कुठल्या सापाचे, हे बहुधा ठाऊक नसते.

हे झाले या संशोधनातले रक्ताचे घराणे, सर्वांत जुने. दुसरे घराणे भिंतीचे. रक्त पातळ झाले म्हणून ते वाहिनीबाहेर येतेच असे नाही. बाहेर यायला भिंत फुटावी लागते. फुरशाच्या आणि घोणशीच्या विषात धातूच्या आधाराने काम करणारी प्रथिनभंजक विकरे असतात. ती केशवाहिन्यांच्या अस्तराखालच्या पातळ पडद्यावर, मुख्यतः त्यातल्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनवर, तुटून पडतात. कोस्टा रिकाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेतल्या गुतिएरेझ, रुकावादो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे दोन पायऱ्यांत घडते. आधी विष पडदा कमकुवत करते आणि मग वाहत्या रक्ताचा दाबच भिंत फाडतो. कुकडीच्या कालव्याचे अस्तरीकरण उखडले की पुढची फूट पाणी स्वतःच पाडते, तसे हे आहे. धमनीविस्फारात महाधमनीची भिंत हळूहळू सैल होते, तिथेही आपल्याच शरीरातली याच जातीची विकरे कोलॅजेन आणि इलॅस्टिन झिजवत असतात. म्हणून भिंतीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांना विष हे आयते, जलद आणि नेमके हत्यार वाटते.

तिसरे घराणे ताणाचे, म्हणजे वाहिनीच्या आकुंचन-प्रसरणाचे. इथे थोडे थांबायला हवे, कारण इथे महाराष्ट्राचे स्वतःचे योगदान आहे.

धमनीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत गेलात तर एक दृश्य हमखास दिसेल. उंदराच्या महाधमनीचे दोन-तीन मिलिमीटर रुंदीचे कडे कापून दोन बारीक तारांमध्ये अडकवलेले असते. भोवती क्षारांचे द्रावण, सदतीस अंश तापमान, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. वरची तार ताण मोजणाऱ्या यंत्राला जोडलेली. फिनाइलएफ्रिन घातले की कडे आवळते आणि पडद्यावरची रेषा वर चढते. मग ॲसिटिलकोलिन घातले की कडे सैल पडते. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले की धमनीची आतली बाजू नुसती घासली गेली, अस्तराच्या पेशींचा एकेरी थर निघून गेला, तर ती सैल पडतच नाही. अस्तर म्हणजे नुसता आतला लेप, ही समजूत त्या दिवशी संपली. ते अस्तर काहीतरी सोडते आणि भिंतीतल्या स्नायूंना सैल व्हायला सांगते. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्याबद्दल मिळाले. त्याआधी १९७३ मध्ये एरिक जॅफी यांनी नवजात बाळांच्या नाळेतल्या शिरेमधून अस्तराच्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. १९८८ मध्ये जपानमधल्या यानागिसावा यांच्या गटाने डुकराच्या महाधमनीच्या अस्तरपेशींतून अतिशय तीव्र आवळण्याचा रेणू शोधला, एंडोथेलिन. त्याची रचना पश्चिम आशियातल्या एका बिळात राहणाऱ्या सापाच्या विषातल्या रेणूशी विलक्षण जुळणारी निघाली. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत थक्क करणारा क्षण वाटतो. सापाने बाहेरचे हत्यार घडवलेले नाही. धमनीला कळणारी भाषाच त्याने उचलली आहे.

आता महाडला येऊ. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. दंशानंतर घाम, वांत्या, बर्फासारखे गार हातपाय, मग फुप्फुसांत पाणी आणि मृत्यू. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाल्या. विंचवाचे विष शरीरातल्या ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर सोडते, वाहिन्या आवळतात आणि हृदयावर न पेलणारा भार पडतो. हे ओळखून त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले. प्राझोसिन ज्या ग्राहींना अडवते त्याच ग्राहींना प्रयोगशाळेतले फिनाइलएफ्रिन चेतवते. तारेवरच्या कड्यात रेषा वर चढते ती आणि महाडच्या पोराचे पाय गार पडतात ते, ही एकच घटना आहे. गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा चाळीसच्या आसपास असलेला मृत्युदर या उपचाराने शेकडा एकाच्या आसपास उतरला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रात तारेवर अडकवायला धमनीचे कडे नव्हते. रुग्णाची नाडी, रक्तदाबाचे यंत्र आणि जागरण एवढ्यावर हे रक्तवाहिन्यांचे अव्वल दर्जाचे संशोधन झाले.

या लाल विंचवाची दुसरी कथा कमी जणांना माहीत आहे. १९९० मध्ये त्याच्या विषातून सदतीस अमिनो आम्लांचा एक रेणू वेगळा काढला गेला. तो पेशीच्या पटलातला पोटॅशियमचा एक विशिष्ट मार्ग बंद करतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. धमनी गरजेपेक्षा जास्त आवळू लागली की हाच मार्ग उघडून तिला आवर घालतो. तेव्हापासून रक्तदाब आणि धमन्यांवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत हा रेणू रोजच्या वापरातले साधन झाला आहे.

औषधांची गोष्ट अशीच. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावर काम करताना रोशा ए सिल्वा यांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॅडिकायनिन सापडले, त्यांचे विद्यार्थी सर्जिओ फरेरा यांनी १९६५ मध्ये त्याचा परिणाम वाढवणारा घटक विषातूनच वेगळा केला, आणि त्या धाग्यावरून १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल बाजारात आले. आज ज्या घरात रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलची गोळी आहे, त्या घरात त्या सापाचे ऋण आहे. फुरशाचे ऋण आणखी जवळचे. त्याच्या विषातला एकिस्टॅटिन नावाचा रेणू बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच्या रचनेतला एक छोटा तुकडा नमुना म्हणून घेऊन टिरोफिबान हे औषध कृत्रिमरीत्या घडवले गेले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अँजिओप्लास्टीच्या टेबलावरच्या रुग्णाला ते दिले जाते.

मग फुरसे चावलेल्याला काय मिळते? घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेली लस. तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू अजिबात नाही. तिने असंख्य जीव वाचवले आहेत आणि आजही दुसरा इलाज नाही. परळच्या ज्या संस्थेची सुरुवात १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेने झाली आणि १९२५ मध्ये जिला हाफकिन यांचे नाव मिळाले, तिचा या लसीच्या इतिहासातला वाटा मोठा आहे. पण तत्त्व कालमेतने १८९० च्या दशकात मांडले तेच आहे. भारतीय लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालते. तिचा एक मिलिलिटर घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो, म्हणजे दहा मिलिलिटरची कुपी सहा मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडते. पहिल्याच फेरीत आठ-दहा कुप्या का लागतात, ते यावरून ध्यानात येईल. शिवाय लस रक्तात फिरणारे विष पकडते. फाटलेला पडदा ती शिवत नाही, मूत्रपिंडाच्या वाहिन्यांत अडकलेल्या गुठळ्या विरघळवत नाही. म्हणून वेळ हीच खरी मात्रा.

चौथे घराणे तरुण आहे आणि ते प्रश्न विचारते की विष सगळीकडे सारखेच असते का. देशातल्या लसीसाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने गेल्या काही वर्षांत दाखवले आहे की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक, आणि वयाप्रमाणेही, बदलते. मग तमिळनाडूच्या घोणशीवर बेतलेली लस जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या घोणशीवर किती चालते, हा प्रश्न रास्त आहे. तो विचारायचा हक्क ओतूरकरांना आहे.

हे सगळे आज लिहायचे कारण आकड्यांत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेल्याचा अंदाज मांडला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, बहुतेक सारे खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा दुर्लक्षित आजारांत समावेश केला. भारताने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे त्याचे उद्दिष्ट आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी तर याच्या कितीतरी आधीपासून, तीनएक दशके, सर्पदंशाचे रुग्ण तपासत आणि गावोगावी, शाळाशाळांत बोलत आपल्या भागातला मृत्यू शून्यावर आणायचे काम हाती घेतले आहे. भगताकडे नेऊन वेळ घालवू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका, पाय स्थिर ठेवून थेट दवाखान्यात या, हे जुन्नरच्या लोकांना ज्या सातत्याने सांगितले गेले, तसे फार थोड्या तालुक्यांत घडले असेल.

प्रयोगशाळेकडूनही उलटी वाट सुरू झाली आहे. व्हारेस्प्लॅडिब हे औषध धमन्यांच्या दाहावर, हृदयविकाराच्या रुग्णांत वापरून पाहिले होते. तिथे ते अपयशी ठरले आणि २०१२ मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवावी लागली. पुढे लक्षात आले की सापांच्या विषातल्या एका मोठ्या विकरगटाला ते चांगले अडवते. गोळीच्या रूपात त्याच्या चाचण्या भारतात आणि अमेरिकेत सर्पदंशाच्या रुग्णांवर झाल्या. निकाल अजून निर्णायक नाहीत. पण बांधावर घेता येईल अशी गोळी मिळाली, तर शेतापासून दवाखान्यापर्यंतचा तास-दोन तासांचा धोका कमी होईल. ज्यांना हे स्वप्नरंजन वाटते त्यांनी टिरोफिबानचा इतिहास पुन्हा वाचावा.

या संग्रहात डॉक्टर आहेत, पेशी वाढवणारे संशोधक आहेत, सर्पमित्र आहेत, शेती करणारेही आहेत. संपादकांनी त्यांना एकमेकांच्या शेजारी बसवले आहे आणि कुणाचीही भाषा दुसऱ्याच्या साच्यात घातलेली नाही. एखादा लेख केशवाहिनीच्या पडद्यातल्या प्रथिनांविषयी बोलतो, तर पुढचा उसाच्या पाचटात घोणस कशी निवांत पडून असते हे सांगतो. वाचताना थोडी धाप लागेल. सलग वाचायची सक्ती नाही. परीक्षानळीपासून सुरुवात केली तर बाकीचे आपोआप जागेवर बसते.

पुणे जिल्ह्यात रक्तवाहिन्यांच्या आजारांवर दुसरेही मोलाचे काम झाले आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा १९९० च्या दशकापासून जो पाठपुरावा केला, त्याने वजनाने लहान पण चरबीने भारी जन्मणाऱ्या भारतीय बाळांकडे जगाचे लक्ष वेधले. त्या कामाचा इथे ओझरता उल्लेख आहे. त्याला स्वतंत्र पुस्तक हवे. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे चिकाटी. तीच खेडी, तीच माणसे, वर्षानुवर्षे.

सर्पदंशाच्या बाबतीत नेमका हाच पाठपुरावा तोकडा आहे. रुग्ण वाचला, घरी गेला की आपल्या नोंदी संपतात. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या जखमी होतात, क्वचित मेंदूतल्या पीयूष ग्रंथीलाही मार बसतो, हे माहीत आहे. त्या माणसाचा रक्तदाब, त्याची मूत्रपिंडे पाच किंवा दहा वर्षांनी कशी आहेत, हे तपासायला अवघड काही लागत नाही. रक्तदाबाचे यंत्र, लघवीतल्या प्रथिनाची पट्टी, क्रिएटिनिनची चाचणी आणि आशाताईंच्या वहीत एक जादा रकाना. संग्रहातल्या शेवटच्या लेखात त्या रकान्याचा आराखडा दिला आहे. दोन्ही तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांनी तो येत्या पावसाळ्याआधी वापरायला घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.